एस्तेरबाईंचा दुसरा कागद

पैसेवाल्या माणसानं नगरपालिकेच्या खोलीत राहावं का, हे मला आजही कुणी ना कुणी विचारतं. लग्नात पंगतीला बसले की शेजारची बाई विचारते, भाजी निवडताना भाजीवाला विचारतो. मालमत्ता विभागात सत्तावीस वर्षं काढली ना मी, म्हणून. पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. दारात चारचाकी, भिंतीवर एसी आणि भाडं मात्र गरिबाचं, अशा लोकांना मी एकेक करून नोटिसा धाडल्यात. एक जण माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला होता, खोली काय तुमच्या बापाची आहे का? मी म्हटलं, माझ्या नाही आणि तुमच्याही नाही, म्हणूनच सोडा. नीलांबरी मॅडम तोंडाच्या फटकळ, हे अख्ख्या ऑफिसला माहीत होतं.

आता तो प्रश्न आला की मी विषय बदलते. मला सतरा नंबरची खोली दिसायला लागते. त्या खोलीत हल्ली कडूबाई राहते, तिला ती हक्कानं मिळाली आणि तिचं बरं चाललंय. पण तिच्याआधी तिथं एस्तेरबाई अमोलिक राहायच्या. त्यांच्याबद्दल मी आजवर कुणाला सगळं सांगितलेलं नाही.

आमचं गाव श्रीरामपूरपासून एसटीनं अर्ध्या तासावर. गावाच्या कडेला नगरपालिकेनं फार वर्षांपूर्वी अठ्ठेचाळीस खोल्या बांधल्या, दोन रांगा आणि मधे नळ. एस्तेरबाईंचे यजमान योहान पाणीपुरवठ्यात कामाला होते. पहाटे सायकलवरून गावभर फिरून व्हॉल्व्ह सोडायचे. त्यांना ही खोली मिळाली. मुलगा मार्क नऊ वर्षांचा असताना ते काविळीनं गेले आणि एस्तेरबाईंना बालवाडीत मदतनीस म्हणून घेतलं. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, रडणाऱ्याला कडेवर घेऊन व्हरांड्यात हिंडायचं, हे त्यांचं काम. खोली त्यांच्या नावावर झाली आणि पुढची तीस वर्षं त्या तिथंच राहिल्या.

मूळच्या त्या कोपरगावकडच्या. ठेंगणी, काळीसावळी बाई, आवाज मात्र असा की नळावरचं भांडण दोन शब्दांत थांबावं. नाताळात त्या रांगेतल्या प्रत्येक घरी करंज्या पाठवायच्या, आणि दिवाळीत प्रत्येक घरातून त्यांच्याकडे ताट यायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढरं पातळ नेसून त्या चर्चला निघाल्या की लोक म्हणायचे, आज एस्तेरबाईंचं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा तो विधी. त्या दिवशी त्या कुणाशी तावातावानं बोलायच्या नाहीत. कुणाशी बिनसलं असेल तर आदल्या दिवशी जाऊन मिटवून यायच्या. मनात अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, असं त्यांच्याकडे मानतात.

मार्क हुशार निघाला. डिप्लोमा केला, आधी नोकरी आणि मग श्रीरामपुरात ठिबक सिंचनाचं दुकान. दुकान चाललं, बंगला झाला, आराधनासारखी चांगल्या घरातली बायको मिळाली. आईला घेऊन जायला तो दर महिन्याला यायचा. एकदा त्या गेल्याही. आठ दिवसांनी परत आल्या आणि नळावर म्हणाल्या, "लई चांगलं घर हाय, पर दार वाजवायला कुनी येत न्हाई." मार्क हसला आणि त्यानं नाद सोडला. मग त्याची पांढरी गाडी दर रविवारी सतरा नंबरसमोर उभी राहायला लागली आणि लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागली.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आमच्याकडे फेरतपासणी निघाली. ज्यांची मुलं कमावती आहेत त्यांनी खोल्या सोडायच्या, फक्त ज्यांना सांभाळणारं कुणी नाही अशा म्हाताऱ्यांना राहू द्यायचं. काम माझ्याकडे. नियमानं पहिली नोटीस एस्तेरबाईंना जायला हवी होती, हे मला पक्कं कळत होतं.

आणि इथं मी चुकले. त्याच्या आदल्या वर्षी माझी आई अंथरुणाला खिळली होती. मी ऑफिसात, घरी कुणी नाही. एस्तेरबाईंना हे कुठून तरी कळलं आणि त्या रोज दुपारी येऊन माझ्या आईला भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या. अडीच महिने. आई गेली त्या दिवशी तिचं डोकं एस्तेरबाईंच्या मांडीवर होतं. अशा बाईला मी कोणत्या हातानं नोटीस देऊ? इतरांना दिल्या त्याच हातानं द्यायला हवी होती. मी नाही दिली.

मी त्यांना आणि मार्कला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, वाट एकच आहे. रेशनकार्ड वेगळं करा आणि एक स्वयंघोषणापत्र द्या. मार्कला ते अजिबात जड वाटलं नाही. लिहा मॅडम, म्हणाला, आईनं भरवलेलं कागदानं थोडंच पुसतंय. आम्ही दोघंही हसलो. मी माझ्या अक्षरात लिहिलं, की माझा मुलगा मार्क योहान अमोलिक विभक्त असून तो माझा सांभाळ करीत नाही. एस्तेरबाईंनी कागद जवळ ओढून ती ओळ बोट ठेवत दोनदा वाचली. असंच लिवावं लागतं का, असं त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, असंच. मग त्यांनी सही केली. हसल्या नाहीत त्या, हे मला नंतर आठवलं.

पुढं लॉकडाऊन लागला, चर्च बंद झालं आणि तो कागद फायलीत गपगार पडून राहिला.

चर्च पुन्हा नीट सुरू झालं तेव्हा बायकांच्या लक्षात आलं, की एस्तेरबाई पांढरं पातळ नेसून येतात, गाणी म्हणतात, पण भाकरीचं ताट आलं की ते तसंच पुढं सरकवतात. प्याला येतो, तोही पुढं देतात. एक महिना झाला, दोन झाले, चार झाले. मार्क आणि आराधनाही त्याच चर्चचे, पहिल्या रविवारी ते श्रीरामपूरहून यायचे आणि समोरच बसलेले असायचे. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. मायलेकाचं काहीतरी मोठं बिनसलंय.

त्यात मी तेल ओतलं. दोन हजार बावीसच्या मे महिन्यात खोल्यांची यादी फळ्यावर लावायची होती. यादीला शेऱ्याचा रकाना होता. मी सतरा नंबरपुढं टाइप केलं, निराधार, मुलगा सांभाळत नाही. कामाच्या गडबडीत केलं म्हणा, पण केलं मीच. शेजारीच दुसरा कागद होता, खोलीची वाट बघणाऱ्यांचा. त्यात पहिलं नाव कडूबाईचं.

कडूबाई पाथर्डीकडची. नवऱ्यानं टाकलेली. ऊसतोडीला भावाबरोबर या बाजूला आली आणि खोल्यांच्या मागं पत्र्याचं शेड टाकून राहिली. दसरा झाला की ती तोडीला जायची ती थेट उन्हाळ्यात परतायची. तिची मुलगी दिपाली तेवढे महिने एस्तेरबाईंकडे राहून शाळेत जायची. तिची पेटी, कागदपत्रं, शेळीसुद्धा एस्तेरबाईंकडे. दोघी बहिणींसारख्या होत्या. आणि एस्तेरबाईंना त्या फळ्यासमोर उभं राहून कळलं, की कडूबाई पत्र्याखाली राहते ती सतरा नंबर अडलाय म्हणून.

फळ्याचा फोटो मोबाईलवर गावभर फिरला. मार्कच्या दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, आईला सांभाळत नाही तो आम्हाला काय गॅरंटी देणार. जून उजाडला. पहिल्या रविवारी मार्क चर्चमध्ये आला, आईनं भाकरीला हात लावला नाही, आणि तो बाहेर पडून तडक सतरा नंबरच्या दारात जाऊन उभा राहिला. एस्तेरबाई घरी पोचल्यावर झालेलं बोलणं रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या खेपेला सगळ्यांसमोर प्रभुभोजन घे, असं तो विनवत होता. एस्तेरबाई म्हणत होत्या, थांब जरा, मला ते आधी नीट करू दे. त्याला वाटलं आई हट्टाला पेटलीय.

"मग कागदावर आहे तसंच राहू दे," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

त्यानंतर औषधं आराधनाच्या हातून येत राहिली. मार्क आला नाही.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ऑफिस उघडायच्या आधी एस्तेरबाई पायरीवर बसलेल्या. आत आल्या आणि पिशवीतून घडी केलेला कागद काढला. वहीचं पान, स्वतःच्या अक्षरात. माझा मुलगा मार्क योहान अमोलिक माझा सांभाळ करतो. आधी दिलेले लिखाण खोटे होते. खोली नंबर सतरा मी सोडत आहे. खाली सही आणि तारीख. मी म्हटलं, बाई, हे काय घेऊन बसलात, घर जाईल.

"जाऊ द्या की. कडूबाईचा नंबर पयला हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला ते प्रभुभोजनाचं सांगितलं, मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. चर्चच्या पाळकसाहेबांपुढं त्या खोट्या कागदाचं कबूल करून आल्या होत्या. साहेब म्हणाले होते, देवापुढं कबूल केलंत, झालं, पुढच्या रविवारी भाकर घ्या.

"मी म्हनलं, साहेब, कागद अजून फायलीत हाय. त्यो तितं हाय तवर मी रोज खोटं बोलते," एस्तेरबाई म्हणाल्या. "मॅडम, ह्यो कागद त्याच्या वर लावा."

मार्कला सांगितलं का, मी विचारलं. नाही म्हणाल्या. तोंडी सांगितलं तर त्याला वाटेल आई समजूत काढती. खोली सोडायची नोटीस आली की ती हातात घेऊन त्याच्या दारात जाईन, मग त्याला बोलायला जागाच राहणार नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा किती तरी दिवसांनी मोकळा दिसला. मी कागद घेतला आणि म्हटलं, पाठवते वर.

नाही पाठवला मी. टेबलाच्या खालच्या खणात ठेवला, कुलूप लावलं.

पहिल्या दिवशी मी स्वतःला समजावलं, की ही बाई रागाच्या भरात घर घालवून बसेल, चार दिवस जाऊ द्यावेत. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. पहिला खोटा कागद माझ्या अक्षरात होता. दुसरा वर गेला की पहिला कुणी लिहिला याची चौकशी लागणार. माझी निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती. चौकशी लागलेल्या माणसाची पेन्शन कशी अडकते ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. भ्याले मी. दुसऱ्यांना नियम दाखवताना न लटपटणारी बाई स्वतःवर आलं तशी लटपटली.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एस्तेरबाई यायच्या. नोटीस आली का, विचारायच्या. मी म्हणायचे, सरकारी काम, वेळ लागतो. त्या मान हलवून जायच्या. आदल्या रविवारी त्यांनी प्याला पुढं दिलेला असायचा, आणि तो का दिला हे अख्ख्या गावात फक्त मला आणि पाळकसाहेबांना ठाऊक होतं. त्या पावसाळ्यात कडूबाईच्या शेडचा पत्रा उडाला. एस्तेरबाईंनी मायलेकींना आपल्या खोलीत घेतलं आणि मला म्हणाल्या, आता तर लवकर होईल ना?

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत मी निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. मी नियमाला कशी पक्की, यावर साहेब दहा मिनिटं बोलले. खण रिकामा करताना तो कागद डब्याच्या पिशवीत घातला आणि घरी आणला. पेन्शन सुरू झाली की नेऊन देते, असं ठरवलं. पेन्शन ऑगस्टमध्ये सुरू झाली. मग म्हटलं गणपती होऊ देत, मग म्हटलं दिवाळी होऊ दे.

ऑक्टोबरच्या शेवटी एस्तेरबाई माझ्या घरी आल्या. दमलेल्या दिसत होत्या, पायांवर सूज होती. माझी आई जिथं निजायची त्या कॉटवर बसल्या. नव्या साहेबांकडे गेले होते, म्हणाल्या, ते म्हणतात असा कागदच आमच्याकडे नाही.

"हरवला आसंल का वो मॅडम? हरवला आसंल तर मी दुसरा लिवून देते. मला काय, आर्ध्या घंट्याचं काम."

कागद कपाटात होता. त्या बसल्या होत्या तिथून तीन पावलांवर. मी म्हणाले, मी चौकशी करते, तुम्ही नका त्रास घेऊ. त्यांना चहा केला. त्यांनी तो प्याला, आईच्या फोटोला हार घातलेला होता तो जरा सरळ केला आणि निघाल्या. त्यांना संशय आला होता का, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या झोपेतच गेल्या. करंज्यांसाठी खोबरं किसून ठेवलं होतं.

मातीला सगळी वस्ती आली. तोडीवर निरोप गेला आणि कडूबाई मिळेल त्या टेम्पोनं, हातातल्या कोयत्यासकट आली. मार्क कबरीच्या कडेला उभा होता. माझ्या मागं दोघी बायका कुजबुजत होत्या, जिवंतपणी फिरकला नाही आणि आता बघा. त्यानं ऐकलं असणार, कारण त्याची मान खाली गेली. कागद माझ्या पर्समध्ये होता. मी मुद्दाम घेऊन गेले होते. पर्सची चेन दोनदा उघडली आणि दोनदा लावली. इतक्या लोकांत माझ्याच्यानं झालं नाही.

चौथ्या दिवशी मी सतरा नंबरवर गेले. मार्क आणि आराधना खोली आवरायला आले होते, पण आवरायला काही नव्हतंच. सगळं बांधलेलं होतं. एक ट्रंक, तीन गाठोडी, नीट सुतळीनं आवळलेली. बाहेर फक्त एक ताट, एक पेला, दोन भांडी आणि अंथरूण. दिपाली म्हणाली, आजी दीड वर्षं अशीच राहत होती, लागेल ते गाठोड्यातून काढायची आणि परत बांधायची. फळीवर आणि पाण्याच्या पिंपावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, वहीच्या कागदाच्या. कडूबाईला राहू द्या. ट्रंकेवर आणि गाठोड्यांवर दुसऱ्या चिठ्ठ्या होत्या. मार्कच्या घरी.

मार्क त्या चिठ्ठीवर हात ठेवून बसला होता. आईनं हे कधी बांधलं, त्यानं दिपालीला विचारलं, आराधनाला विचारलं, आणि मग मी दारात दिसले तर मला विचारलं. "ती माझ्याकडे यायला निघाली होती का?"

इतके दिवस मी मनाशी म्हणत होते, की मी त्यांची खोली वाचवली. त्यांना ती नकोच होती.

मी कागद काढून त्याच्या हातात दिला. माझ्याकडे होता, एवढंच म्हणाले. त्यानं उभ्यानं वाचला. ओठ हलत होते. माझा मुलगा माझा सांभाळ करतो, इथपर्यंत आला आणि थांबला, पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. मग त्याचं बोट खाली तारखेवर गेलं.

"सहा जून. मागच्या वर्षीचा," तो म्हणाला. "म्हणजे मी तिला बोलून गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिला तिनं."

मी हो म्हटलं. तो चिडेल, ओरडेल, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगते, त्यानं ओरडावं अशी माझी इच्छा होती. त्यानं कागदाची घडी केली, होती तशीच, आणि शर्टच्या खिशात ठेवली.

"मॅडम, निदान मातीच्या दिवशी तरी आणायचा होतात," तो म्हणाला.

आणला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानं सतरा नंबरची किल्ली दिपालीच्या हातात दिली, आईला दे म्हणाला. ट्रंक आणि दोन गाठोडी डिकीत ठेवली. तिसरं गाठोडं त्यानं पुढच्या सीटवर ठेवलं, त्याच्या शेजारी, आणि आराधना मागं जाऊन बसली. गाडी नळाजवळून वळली. मी तिथंच उभी होते, पण त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो एका हातानं गाडी चालवत होता आणि दुसरा हात गाठोड्यावर होता.